पुढचा फलंदाज

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त मराठीच्या प्राध्यापकाला बोलावले, म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलेल अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र एका क्रिकेटपटूवर बोलणार आहे. विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी 'क्रिकेटच ना?' असे दोनदा विचारून घेतले. माझे म्हणणे एवढेच की चरित्र हा वाङ्मयप्रकार आपल्या वाचकांना विशेष प्रिय आहे, आणि खेळाडूंच्या चरित्रांना आपल्याकडे एक ठरावीक घाट पडलेला आहे. बालपणीची चुणूक, गुरूची भेट, मग कष्ट, मग कीर्ती आणि शेवटी सत्कार. श्री. अमोल मुजुमदार यांचे आयुष्य या घाटात बसत नाही. त्यांच्या खेळाडूपणाला कीर्तीचा शेवटचा अध्याय लाभला नाही, आणि जो लाभला तो प्रशिक्षक म्हणून, वयाच्या पन्नाशीत. मधल्या काळात या माणसाने काय केले, हा मला कुतूहलाचा विषय वाटतो.

फेब्रुवारी १९८८. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेचा उपान्त्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले आणि चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर सोळा वर्षांच्या विनोद कांबळीच्या जोडीला गेला. पुढचे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ६६४ धावांची अखंड भागीदारी, सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, संघाच्या दोन बाद ७४८. या आकड्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. पण धावफलकात ज्याचे नाव आले नाही असा एक तेरा वर्षांचा मुलगा त्या वेळी तंबूत पॅड बांधून बसला होता. पुढचा फलंदाज तो होता. गडी बाद होईल आणि आपण जाऊ, या तयारीत तो बसून राहिला, आणि गडी बाद झालाच नाही. तो मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार.

या मुलांचे गुरू रमाकांत आचरेकर. मालवणकडचा हा माणूस. स्वतः खेळाडू होते, पण प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या वाट्याला एकच आला, आणि तो आपल्या हैदराबादेत! १९६३-६४ च्या मोइनुद्दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेच्या संघातून हैदराबादविरुद्ध खेळले. पुढे शिवाजी पार्कावर त्यांनी जी मुले घडविली त्यांत तेंडुलकर आणि कांबळी यांच्याखेरीज बलविंदर संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, अजित आगरकर, रमेश पोवार अशी रांग आहे. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. त्यांची पद्धत सांगण्यासारखी होती. सरावापेक्षा सामन्यावर त्यांचा भर असे. मुलाला आपल्या स्कूटरवर बसवून ते या मैदानावरून त्या मैदानावर नेत आणि एका दिवसात होतील तेवढ्या सामन्यांत उतरवीत. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे. गोलंदाजाने फलंदाजाला बाद केले तर नाणे त्याचे, नाबाद राहिला तर फलंदाजाचे.

त्यांची एक हकिकत सचिनने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. शाळेच्या वरिष्ठ संघाचा सामना पाहण्यासाठी तो आपला सामना बुडवून वानखेडेवर गेला, तेव्हा सरांनी त्याला चपराक दिली आणि बजावले की तू इतरांसाठी टाळ्या वाजवायला जायचे नाहीस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला यावे असा खेळ. गोष्ट उत्तम आहे. पण आझाद मैदानाच्या तंबूत बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाच्या बाजूने ती पाहिली, तर जरा वेगळी दिसते. टाळ्या वाजविणे हेच त्याचे त्या सामन्यातले काम होते, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

सहा वर्षांनी त्याची पाळी आली. १९९३-९४ च्या हंगामात फरीदाबाद येथे हरियाणाविरुद्ध रणजी करंडकात अमोल मुजुमदार यांनी पदार्पण केले आणि पहिल्याच डावात २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातील तो जागतिक विक्रम ठरला आणि डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ धावा करीपर्यंत टिकला. (त्या डावातही समोर गोलंदाजी हैदराबादचीच होती. आपल्या हैदराबादचा या कथेत असा अधूनमधून प्रवेश होतो.) भारत 'अ' संघात मुजुमदार हे सौरव गांगुली आणि राहुल द्रविड यांच्या बरोबरीने खेळले. 'दुसरा तेंडुलकर' असे लोक म्हणू लागले. अशी विशेषणे माणसाला फारशी लाभत नाहीत, हा वाङ्मयातलाही अनुभव आहे.

जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड यांनी एकाच कसोटीत पदार्पण केले. गांगुलीने १३१ काढल्या, द्रविडने ९५. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हैदराबादचे व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आले. तेंडुलकर तर आधीपासून होतेच. मधल्या फळीच्या चार जागा भरल्या आणि त्या थोड्याफार फरकाने दीड दशक भरलेल्या राहिल्या. मुजुमदार मुंबईसाठी धावा करीत राहिले, पण भारताची टोपी त्यांना कधी मिळाली नाही. कसोटीत नाही, एकदिवसीय सामन्यातही नाही. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतके असा त्यांचा हिशेब आहे. रणजी करंडकातील सर्वाधिक धावांचा विक्रमही काही काळ त्यांच्या नावावर होता. पुढे वसीम जाफर यांनी तो ओलांडला.

हा अन्याय होय काय? अशा प्रसंगी आपण चटकन निवड समितीकडे बोट दाखवितो. मला ते सरळ वाटत नाही. लक्ष्मणला वगळून मुजुमदारांना घ्या, असे या सभागृहात कोणी म्हणेल असे दिसत नाही. आणि म्हटलेच, तर त्याला बाहेर सुखरूप नेणे कार्यवाहांना अवघड जाईल. पद्माकर शिवलकरांचे उदाहरण पाहा. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मला आणि भारतासाठी एकही कसोटी न खेळता मार्च २०२५ मध्ये गेला. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचेही तेच झाले. इथे कोणी खलपुरुष नाही. जागा थोड्या आणि माणसे जास्त, हे साधे गणित आहे. मात्र गणित साधे असले तरी ज्याच्यावर ते चालते त्याचे दुःख साधे असत नाही, आणि बहुतेकांच्या स्वभावात त्यातून एक कडवटपणा उतरतो. मुजुमदारांच्या बाबतीत तो उतरलेला दिसत नाही. निदान त्यांच्या कामात तरी नाही.

त्यांच्या खेळाडूपणातला सर्वांत मोलाचा हंगाम २००६-०७ चा. ते मुंबईचे कर्णधार होते आणि प्रवीण अमरे प्रशिक्षक. म्हणजे आचरेकरांचे दोन विद्यार्थी. पहिल्या तीन सामन्यांनंतर मुंबई गुणतालिकेच्या तळाशी होती. मुंबईसारख्या, करंडक ही आपली वहिवाटीची जमीन मानणाऱ्या संघाला हे लाजिरवाणे होते. तेथून तो संघ उपान्त्य सामन्यापर्यंत चढत गेला. बडोद्याविरुद्धच्या त्या सामन्यात मुंबईच्या दुसऱ्या डावाचा धावफलक एका क्षणी शून्यावर पाच बाद असा होता. एकही धाव नाही आणि अर्धा संघ तंबूत! तरीही सामना मुंबईने जिंकला. अंतिम सामना वानखेडेवर बंगालशी झाला. समोरच्या संघात सौरव गांगुली होते आणि मुंबईच्या संघात सचिन तेंडुलकर, मुजुमदारांच्या हाताखाली. १९८८ साली ज्याच्या बाद होण्याची वाट पाहत बसलो, तो आता आपल्या सांगण्यावरून क्षेत्ररक्षणाला उभा राहतो, याची जाणीव त्यांना झाली असेल का, असा प्रश्न माझ्यासारख्या कथाकादंबऱ्या वाचणाऱ्याला पडतो. करंडक मुंबईकडे आला.

दोन वर्षांनी, २००९ साली, ते मुंबई सोडून आसामकडून खेळू लागले आणि २०१२ पासून आंध्रकडून. रणजीत दुसऱ्या राज्याचे मोजके खेळाडू मानधनावर घेण्याची पद्धत आहे. त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणतात. आपल्या भागातील श्रोत्यांना परक्या संघाकडून खेळणे म्हणजे काय हे फार समजावून सांगायला नको. मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होती. राज्यपुनर्रचनेत ती आदिलाबादला जोडली गेली, २०१४ साली तेलंगणात आली, २०१६ साली निर्मळ जिल्ह्यात. घर तेच, उंबरठा तोच, पाटी तेवढी बदलली. मुजुमदार आंध्रकडून खेळत होते तेव्हा आपणही आंध्र प्रदेशातच होतो. तो 'आपल्या राज्याचा' मराठी फलंदाज होता असे म्हणायला मला आवडले असते. परंतु क्रिकेटच्या नकाशात आंध्र आणि हैदराबाद पूर्वीपासून वेगळे, तेव्हा तो अभिमान बाळगता येत नाही.

व्यावसायिक खेळाडूचे खरे काम धावा काढण्यापुरते नसते. दुबळ्या संघात तो बाहेरून आलेला वडीलधारा असतो. नव्या मुलांची भाषा त्याला येत नाही, त्यांच्या मैदानांची ओळख नसते, पण डाव कसा बांधावा आणि पराभवानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला कसे यावे, हे त्यालाच दाखवावे लागते. मुजुमदारांचे प्रशिक्षकपण सप्टेंबर २०१४ मधील निवृत्तीनंतर सुरू झाले असे कागदोपत्री म्हणता येईल. माझ्या मते ते त्यापूर्वीच, आसामच्या मैदानांवर सुरू झालेले असावे.

येथे जरा दूरच्या देशातील आणि दुसऱ्या खेळातील एक उदाहरण घेतो. अमेरिकेत बास्केटबॉल हा व्यावसायिक खेळ आहे, आणि त्यातील सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांत फिल जॅक्सन यांचे नाव घेतात. शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या संघांना त्यांनी मिळून अकरा विजेतेपदे मिळवून दिली. खेळाडू म्हणून ते बहुतेक काळ राखीव बाकावरचे. १९६९-७० च्या हंगामात न्यूयॉर्कच्या त्यांच्या संघाने विजेतेपद मिळविले, तेव्हा पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेमुळे ते हंगामभर खेळूच शकले नाहीत. प्रशिक्षक रेड होल्झमन यांच्या आसपास राहून ते खेळ पाहत राहिले आणि पाहता पाहता शिकले. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट अशी, की पुढे प्रशिक्षक झाल्यावर ते दौऱ्यावर निघताना प्रत्येक खेळाडूला त्याच्या स्वभावाला साजेल असे एकेक पुस्तक वाचायला देत. सगळे ते वाचीत असत असे नाही. आपल्याकडेही पुस्तके नेणारे आणि वाचणारे यांची संख्या एकच असते असे ग्रंथपाल म्हणणार नाहीत.

खेळणाऱ्याला चेंडू दिसतो, बाकावर बसलेल्याला सामना दिसतो. उलट बाजूने कपिलदेव यांचे उदाहरण आहे. एवढा थोर खेळाडू भारताचा प्रशिक्षक झाला आणि १९९९-२००० च्या त्या हंगामात संघ ऑस्ट्रेलियात तीन-शून्य आणि मायदेशी दक्षिण आफ्रिकेकडून दोन-शून्य हरला. ज्याला निसर्गानेच सारे दिले त्याला, समोरच्या साध्या मुलाला ते का जमत नाही, हे उमगणे कठीण जात असावे. हा नियम म्हणून मी सांगत नाही. याला अपवाद पुष्कळ सापडतील.

मुजुमदारांनी प्रशिक्षक म्हणून उमेदवारी केली ती चारी दिशांना. नेदरलँड्सच्या फलंदाजांना शिकविले, राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक झाले, २०१९ साली भारताच्या दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाबरोबर काम केले. २०२१ साली मुंबईचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पुढच्या जूनमध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळायला संघ घेऊन बंगळूरला गेले. समोर मध्य प्रदेशचा संघ होता आणि त्याचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, म्हणजे मुजुमदारांचे ज्येष्ठ गुरुबंधू.

पंडितांची कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे. पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने खेळलेले हे यष्टिरक्षक उत्तरायुष्यात मध्य प्रदेशचे कर्णधार झाले. १९९८-९९ चा रणजीचा अंतिम सामना त्यांनी याच बंगळूरच्या मैदानावर कर्नाटकाविरुद्ध गमावला. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी हाती होती, अखेरचा दिवस काढला असता तरी करंडक मिळाला असता, पण दुसऱ्या डावात संघ १५० धावांत गडगडला. त्यानंतर प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीन वेळा आणि ज्यांनी करंडक कधी पाहिला नव्हता त्या विदर्भाला लागोपाठ दोनदा विजेतेपद दिले. २०२२ साली त्याच मैदानावर मध्य प्रदेशने मुंबईला सहा गड्यांनी हरविले आणि हा कडक शिस्तीचा माणूस सर्वांसमक्ष रडला. त्या चित्रात दुसऱ्या बाजूला हरलेले मुजुमदार होते, आणि लोकांनी त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही. त्याच वर्षी मुंबईने सय्यद मुश्ताक अली स्पर्धा प्रथमच जिंकली ती मुजुमदारांच्या मार्गदर्शनाखाली, याचीही फारशी चर्चा झाली नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. या संघाने २००५ आणि २०१७ साली विश्वचषकाचा अंतिम सामना गाठून गमावलेला होता; दुसऱ्या खेपेला लॉर्ड्सवर अवघ्या नऊ धावांनी. डिसेंबर २०२३ मध्ये महिलांनी मुंबई परिसरातच इंग्लंडविरुद्धची कसोटी ३४७ धावांनी जिंकली आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियाला प्रथमच कसोटीत हरविले. परंतु २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. जो स्वतः भारताकडून खेळला नाही तो भारताच्या खेळाडूंना काय शिकविणार, असे विचारायला ही वेळ सोयीची होती.

मग २०२५ ची विश्वचषक स्पर्धा मायदेशी आली. साखळीत संघ लागोपाठ तीन सामने हरला. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिका, तेथेच ऑस्ट्रेलिया, आणि इंदूरला इंग्लंड. तिसरा पराभव चार धावांचा, हातात आलेला सामना निसटलेला. २००६-०७ च्या मुंबई संघाच्या कर्णधाराला ही जागा ओळखीची होती. इंग्लंडच्या सामन्यानंतर सरांनी आम्हाला चांगलेच सुनावले आणि ते कोणी मनाला लावून घेतले नाही, अशा आशयाचे हरमनप्रीत कौरने पुढे सांगितले. त्याच सामन्यात एक जादा गोलंदाज खेळविण्यासाठी मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला वगळण्यात आले होते. न्यूझीलंडविरुद्ध तिला परत घेतले ते थेट तिसऱ्या क्रमांकावर, आणि तिने नाबाद ७६ धावा केल्या. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा उभारल्या. मधल्या सुट्टीत मुजुमदारांनी खोलीतल्या फळ्यावर एवढेच लिहिले, की अंतिम सामना गाठायला आपल्याला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. जेमिमाने नाबाद १२७ धावा केल्या. स्मृती मानधना लवकर बाद झाल्यावर हरमनप्रीतच्या ८९ धावांची साथ मिळाली आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती शफाली वर्माची निवड. ती मूळ संघात नव्हती. बांगलादेशविरुद्ध प्रतीका रावल जखमी झाली, आणि उपान्त्य सामन्याच्या तोंडावर शफालीला बोलावणे गेले. उपान्त्य सामन्यात ती दहाच धावा करून परतली. तरीही २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात तीच सलामीला आली आणि ७८ चेंडूंत ८७ धावा करून गेली; शिवाय कर्णधाराने चेंडू हाती दिला तेव्हा दोन बळीही घेतले. बाहेर बसून राहिलेल्या खेळाडूला अकस्मात आत बोलावले तर त्याच्याशी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे त्या तंबूत मुजुमदारांइतके कोणाला ठाऊक असणार?

एका माणसाच्या माथी सगळे श्रेय मारणे बरोबर नाही. महिलांना पुरुषांइतके सामना-मानधन २०२२ साली मंजूर झाले, महिला प्रीमियर लीग २०२३ साली सुरू झाली, आणि त्यामुळे कडप्पाच्या श्रीचरणीसारख्या मुली पुढे आल्या. हे नसते तर फळ्यावर काहीही लिहून उपयोग नव्हता. दीप्ती शर्माच्या अष्टपैलू खेळाला तर तोड नाही. अंतिम सामन्यात ५८ धावा आणि ३९ धावांत पाच बळी. पण पडत्या संघाला उभे धरणारा हात कोणाचा, हे खेळाडूंनीच दाखविले.

दक्षिण आफ्रिकेचा अखेरचा झेल हरमनप्रीतने घेतला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. भारताचा ५२ धावांनी विजय झाला. धावपळ, रडणे, मिठ्या यांच्या गर्दीतून ती मुजुमदारांपर्यंत आली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि मग त्यांच्या गळ्यात पडली. त्यानंतर आठ दिवसांनी मुजुमदारांना एक्कावन्न वर्षे पूर्ण झाली.